नेव्हिगेशन कायद्यांनी अमेरिकन वसाहतींना खरंच पिळलं का?

शिडाचं गलबत (धागाकर्ता)

साम्राज्य आणि व्यापारी कायदे हा विषय निघाला की गोष्ट ठरलेली असते. मायदेशाने कायदे केले, वसाहती नागवल्या गेल्या, शेवटी त्या पेटून उठल्या. ब्रिटनच्या तेरा अमेरिकन वसाहतींपुरतं तरी मला हे पटत नाही. आधी हे नेव्हिगेशन कायदे, म्हणजे मायदेशाने केलेले जहाजवाहतुकीचे आणि व्यापाराचे कायदे, काय होते ते मांडतो, म्हणजे नंतर शब्दांवरून भांडण नको.

१६५१ चा पहिला कायदा डच जहाजांच्या पोटावर पाय देण्यासाठी होता. पुढच्याच वर्षी डचांशी युद्ध जुंपलं. १६६० मध्ये तो पक्का झाला. वसाहतींचा माल वाहणारं जहाज इंग्लंडचं किंवा वसाहतींचं हवं, कप्तान आणि तीन चतुर्थांश खलाशी इंग्रज हवेत. शिवाय एक यादी केली: साखर, तंबाखू, कापूस, नीळ, आलं आणि रंगाची लाकडं. यादीतला माल फक्त इंग्लंडला (सुरुवातीला आयर्लंडलाही) किंवा दुसऱ्या इंग्रज वसाहतीला न्यायचा. १६६३ मध्ये उलटी बाजूही बांधून टाकली. युरोपचा माल वसाहतीत न्यायचा तर आधी इंग्लंडच्या बंदरात आणून तिथे चढवायचा. सूट मोजक्या गोष्टींना: मासे खारवायचं मीठ, मदेरा आणि अझोर्सची वाइन, आयर्लंड-स्कॉटलंडचे नोकर, घोडे आणि खाद्यपदार्थ. मग लोकांनी पळवाट काढली. बोस्टनला नेतो सांगून तंबाखू भरायचा आणि थेट अ‍ॅमस्टरडॅम गाठायचं. म्हणून १६७३ मध्ये एका वसाहतीतून दुसरीत जाणाऱ्या तंबाखूवर रतलामागे (साधारण अर्ध्या किलोमागे) एक पेनी बसली. १६९६ मध्ये जहाजांची नोंदणी, झडतीचे अधिकार आणि बिनज्यूरीची कोर्टं आली.

आता फायद्याची बाजू. या कायद्यांत 'इंग्रज' म्हणजे वसाहतीतलेही. बोस्टनचा जहाजमालक लंडनच्या मालकाच्या बरोबरीने उभा होता. डच बाहेर, फ्रेंच बाहेर, १७०७ पर्यंत स्कॉटसुद्धा बाहेर! परिणाम असा की १७७५ च्या सुमारास ब्रिटनच्या व्यापारी जहाजांपैकी साधारण एक तृतीयांश अमेरिकेत बांधलेली होती. व्हर्जिनियाच्या तंबाखूला स्पर्धा नको म्हणून खुद्द इंग्लंडमध्ये तंबाखू लावायला बंदी घातली आणि ग्लॉस्टरशायरच्या शेतकऱ्यांची उभी पिकं सैन्य पाठवून उपटली. डांबर, ताग, डोलकाठ्या यांना १७०५ पासून रोख अनुदान. नीळ रतलामागे सहा पेन्स, १७४८ पासून. समुद्रावर नौदलाचं संरक्षण फुकट.

अर्थशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात हा ताळेबंद मांडला, तेव्हा निव्वळ ओझं वसाहतींच्या उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास निघालं. स्वातंत्र्यानंतर काय झालं तेही बघा. जुलै १७८३ च्या हुकमाने ब्रिटिश वेस्ट इंडीजची बंदरं अमेरिकन जहाजांना बंद. १७८५ मध्ये अल्जियर्सच्या चाच्यांनी दोन अमेरिकन जहाजं पकडली, कारण चाच्यांपासून वाचवणारा ब्रिटिश पास आता हातात नव्हता.

माझं म्हणणं एवढंच: शंभर वर्षं हे कायदे व्यापाराचं नियमन करत होते तोवर कुणी बंड केलं नाही. १७६४ पासून तेच कायदे महसुलासाठी वापरायला लागले आणि तिथे गाडी घसरली.

हुंडीवाला

मांडणी नीट आहे, निष्कर्ष चुकीचा. एक टक्का ही तेरा वसाहतींची सरासरी. मॅसॅच्युसेट्सचा जहाजबांधणीवाला आणि व्हर्जिनियाचा तंबाखूवाला यांना एकाच वजनकाट्यावर ठेवलंत तर दुसरं काय निघणार?

तंबाखू बघू, कारण निर्यातीत तोच पहिल्या नंबरावर होता, १७७० च्या दशकात वर्षाला साधारण दहा कोटी रतल. एका पिंपाचा प्रवास असा. हॉग्जहेड म्हणजे माणसाच्या छातीला लागेल एवढं लाकडी पिंप, दाबून भरलं की सुमारे हजार रतल. ते नदीकाठच्या सरकारी वखारीत जायचं, तिथे तपासनीस उघडून बघायचा आणि खराब पान जाळायचा (ही तपासणी व्हर्जिनियाच्याच १७३० च्या कायद्याची, लंडनची नव्हे). जहाजाच्या कप्तानाने माल दुसरीकडे नेणार नाही असं हमीपत्र द्यायचं: शंभर टनांखालच्या जहाजाला १,००० पौंड, त्यावरच्याला २,०००. इंग्लंडमध्ये उतरल्याचा दाखला परत आला की हमी सुटायची.

लंडनला पिंप उतरलं की वजन, गोदी, वखारभाडं, फुटलेलं पिंप दुरुस्त करणारा, नमुना काढणारा, आणि या सगळ्यावर अडत्याची अडीच टक्के दलाली. आता मुख्य गोष्ट. या तंबाखूपैकी पाचातले चार हिस्से इंग्लंडात ओढलाच जात नव्हता! तो पुन्हा जहाजात चढून हॉलंडला, जर्मनीला, फ्रान्सला जायचा. जकातीचा परतावा मिळायचा हे खरं, म्हणून पुस्तकात ओझं हलकं दिसतं. पण दुसऱ्यांदा उतरवणं-चढवणं, दुसरा विमा, दुसरं भाडं, दर वेळी उघडताना होणारी घट, यांचा परतावा कोण देणार? ते सगळं शेतातल्या भावातून कापलं जायचं. परताव्याची लबाडी व्हायची ती वेगळीच: माल निर्यात दाखवून परतावा घ्यायचा आणि रात्री तोच माल किनाऱ्यावर परत उतरवायचा. ग्लासगोवाल्यांवर १७२० च्या दशकात वजनं कमी दाखवल्याचे आरोप झाले तेही याच प्रकारातले.

शिवाय १६६३ च्या कायद्यामुळे मळेवाल्याचं कापड, खिळे, भांडी, सगळं ब्रिटनमधूनच यायचं. बहुतेक वेळा तंबाखू विकणारा आणि सामान पाठवणारा अडत्या एकच. विक्रीचा भाव तो ठरवणार, खरेदीचा भाव तोच ठरवणार आणि मधल्या फरकावर व्याज लावणार. क्रांतीच्या आधी व्हर्जिनियाच्या मळेवाल्यांवर ब्रिटिश व्यापाऱ्यांचं जे डोंगराएवढं कर्ज होतं, ते हौसेच्या गाड्या-पोशाखांमुळे झालं असं म्हणायची पद्धत आहे. थोडं खरंही आहे. पण ग्राहक एक, दुकान एक, वहीही एकच असली तर काटकसरी माणूसही वहीतून बाहेर पडत नाही.

शिडाचं गलबत

@हुंडीवाला, दुहेरी वाहतुकीचा मुद्दा मान्य. उत्तरेपेक्षा दक्षिणेवर बोजा जास्त हेही मान्य, माझ्या लेखात ते यायला हवं होतं.

पण 'थेट विकला असता तर भाव मिळाला असता' हे गृहीतक तपासा. फ्रान्समध्ये तंबाखूचा मक्ता एकाच मंडळाकडे, कर-मक्तेदारांकडे होता. अख्ख्या देशाचा खरेदीदार एक! तो ग्लासगोहून हजारो पिंपं एकगठ्ठा उचलायचा. स्वातंत्र्यानंतर मधला दलाल गेला तेव्हा झालं काय? १७८५ मध्ये फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट मॉरिसने त्याच मक्तेदारांशी तीन वर्षांत ६०,००० पिंपं द्यायचा करार केला. भाव पडले आणि पॅरिसमध्ये अमेरिकेचा राजदूत असलेल्या जेफरसनला त्याविरुद्ध तक्रारी करत बसावं लागलं. लंडनचा दलाल गेला आणि फिलाडेल्फियाचा आला.

कर्जाबद्दल: ग्लासगोच्या कंपन्यांनी व्हर्जिनियात आतपर्यंत दुकानं टाकून छोट्या शेतकऱ्याला पीक यायच्या आधी उधारी दिली. ती उधारी त्या काळात दुसरं कोण देणार होतं?

काटकोन

दोघेही कायदा लिहिला म्हणजे लागू झाला असं धरून चालला आहात.

१७५० चा लोखंडाचा कायदा घ्या. कच्चं लोखंड आणि लोखंडी कांबी ब्रिटनला बिनजकात पाठवा (कांबी आधी फक्त लंडनला, १७५७ पासून सगळ्या बंदरांना). पण वसाहतीत नवी पोलादाची भट्टी नको, यांत्रिक घणाने पत्रा ठोकायचा कारखाना नको, आणि स्लिटिंग मिल नको. ही स्लिटिंग मिल म्हणजे तापलेली कांब रुळांतून चपटी करून मग चकत्यांतून चिरून बारीक सळया काढणारी गिरणी. सळईशिवाय खिळा नाही, खिळ्याशिवाय घर नाही, जहाज नाही. म्हणजे नेमकं जिथे कच्च्या मालाची किंमत वाढते तिथे बोट ठेवलं. दंड २०० पौंड. गव्हर्नरने ३० दिवसांत गिरणी पाडली नाही तर त्याला स्वतःला ५०० पौंड.

ऐकायला जबर. प्रत्यक्षात गव्हर्नर स्थानिक विधानसभेच्या पगारावर जगायचा आणि गिरण्यांचे मालक त्याच विधानसभेत बसायचे. नव्या गिरण्या निघत राहिल्या.

१७३२ चा टोप्यांचा कायदाही तसाच. एका वसाहतीतली टोपी दुसरीत न्यायची नाही, जहाजाने नाही, गाडीने नाही, घोड्यावर लादूनही नाही. एका कारागिराकडे शिकाऊ दोनच, शिकण्याचा काळ सात वर्षं, आणि काळ्या माणसाला या धंद्यात घ्यायचं नाही. (धागाकर्त्याने गुलामांना एका ओळीतही आणलं नाही, म्हणून हे कलम मुद्दाम सांगतो.) आता कनेक्टिकटहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या प्रत्येक घोड्याची पडशी कोण तपासणार?

माझं मत: पिळलं की नाही हा प्रश्न फसवा आहे. यातले निम्मे कायदे फक्त पुस्तकात होते.

नाखवा

@काटकोन, 'पुस्तकात होते' म्हणून सोडून दिलंत तिथेच खरी मेख आहे. पुस्तकातला कायदा मेलेला नसतो. तो कुणीतरी कधीतरी उघडतो.

मळीचं उदाहरण घ्या. न्यू इंग्लंडकडे, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि तिच्या आसपासच्या उत्तरेकडच्या वसाहतींकडे, ब्रिटनला विकण्यासारखं फारसं नव्हतं. वाळवलेले मासे, फळ्या, पिंपांची लाकडं, घोडे, हा सगळा माल वेस्ट इंडीजच्या साखरमळ्यांना लागायचा. बदल्यात तिथून मळी यायची आणि तिची रम व्हायची, साधारण गॅलनाला गॅलन. ब्रिटिश बेटांची मळी महाग आणि पुरी पडत नव्हती. फ्रेंच बेटांची स्वस्त, कारण फ्रान्सने आपल्या ब्रँडीला धक्का नको म्हणून रम मायदेशात येऊच दिली नाही. तिथल्या मळेवाल्याला मळी म्हणजे कुणीतरी उचलून न्यावी अशी वस्तू होती. यावर बार्बाडोस, जमैकाच्या मळेवाल्यांनी लंडनमध्ये वजन वापरलं आणि १७३३ चा कायदा आणला: परदेशी मळीवर गॅलनामागे सहा पेन्स.

सहा पेन्स भरून रमचा धंदा होत नाही, हे जकात अधिकाऱ्यालाही माहीत होतं. मग रीत पडली. गॅलनामागे एक-दीड पेनी अधिकाऱ्याच्या हातावर ठेवायची आणि कागदावर माल ब्रिटिश बेटाचा दाखवायचा. सात वर्षांच्या युद्धात तर शत्रूच्या फ्रेंच बेटांची साखर आणि मळी शेजारच्या स्पॅनिश माँते क्रिस्ती बंदरातून कागद फिरवून यायची. १७६३ मध्ये लंडनने हिशेब तपासला तेव्हा अमेरिकेतली सगळी जकात वर्षाला दोन हजार पौंडांच्या आत आणि वसुलीचा खर्च सात-आठ हजार!

१७६४ च्या साखर कायद्याने सहा पेन्सचे तीन केले. दर निम्मा झाला, मग ओरड कसली? पुढची कलमं वाचा.

जहाजावरच्या प्रत्येक पिंपाची, पेटीची नोंद असलेला जकातीचा दाखला हवा. हमीपत्र माल चढवायच्या *आधी* हवं, यादीत नसलेला माल असला तरी. आता बंदरातलं काम कसं चालतं बघा. माल चार धक्क्यांवरून, चार दिवसांत, होडीहोडीने येतो. काय किती भरलं ते शेवटी कळतं, म्हणून आधी भरायचं आणि निघताना जकात कचेरीत जाऊन कागद करायचे, ही सगळीकडची वहिवाट होती. नव्या कायद्याने ती वहिवाटच गुन्हा झाली. किनाऱ्याकिनाऱ्याने लाकूड वाहणारी लहान तारवंसुद्धा त्यात सापडली. ज्या खाडीत लाकूड भरायचं तिथून जकात कचेरी दिवसभराच्या अंतरावर.

जप्ती झाली की खटला ज्यूरीसमोर नाही, अ‍ॅडमिरल्टी म्हणजे समुद्री कोर्टात. १७६४ मध्ये एक कोर्ट थेट दूर उत्तरेला, आजच्या कॅनडातल्या हॅलिफॅक्सला काढलं. जकात भरली आहे हे मालकाने सिद्ध करायचं. दावा लढवायचा तर आधी खर्चापोटी ६० पौंडांची हमी. आणि मालक जिंकला तरी, अधिकाऱ्याला संशयाला जागा होती एवढं न्यायाधीशाने लिहून दिलं की नुकसानभरपाई बंद. उलट जहाज जप्त ठरलं तर विक्रीची वाटणी ठरलेली: एक हिस्सा राजाचा, एक गव्हर्नरचा, एक पकडणाऱ्याचा. वर्षभर डोळे मिटून घेणारा अधिकारी एका मंगळवारी डोळे उघडतो आणि त्याच वहिवाटीवर तुमचं जहाज नेतो.

१७६८ मध्ये बोस्टनला व्यापारी जॉन हॅन्कॉकचं 'लिबर्टी' हे जहाज जप्त झालं ते कशावरून? मदेरा वाइनचा आरोप मागाहून. जप्तीचं कारण होतं परवान्याआधी चढवलेली तेलाची आणि डांबराची पिंपं. बंदरातल्या निम्म्या जहाजांवर लावता आलं असतं असं कलम. जकातवाल्यांनी पुढे तेच जहाज स्वतःच्या गस्तीला वापरलं आणि १७६९ मध्ये न्यूपोर्टच्या लोकांनी ते जाळलं.

म्हणून, काटकोन, तीस वर्षं न वापरलेला कायदा हा ढिलेपणा समजू नका. सगळ्यांना गुन्हेगार करून ठेवायचं आणि मग हवा तो उचलायचा, याला ताबाच म्हणतात.

शिडाचं गलबत

हे तर माझ्याच मुद्द्याला खतपाणी झालं. १७६४ पर्यंत नियमन, लोक गप्प. १७६४ ला महसुलाचा हेतू आला, लोक उठले. कायद्याच्या प्रस्तावनेतच महसूल उभारण्याची भाषा आहे.

नाखवा

तसं असतं तर १७६६ चं काय करायचं?

१७६६ मध्ये मळीवरचा दर तीन पेन्सवरून एक पेनी केला आणि तो *ब्रिटिश* मळीलाही लावला. परदेशी माल अडवणं वगैरे काही उरलं नाही, म्हणजे निव्वळ महसुली कर. तुमच्या हिशेबाने इथे दंगा व्हायला हवा. झाला नाही. लोकांनी पेनी भरली. का? कारण लाचेचा भाव तेवढाच होता! अमेरिकेत सर्वांत जास्त वसूल झालेल्या जकातींपैकी ती एक.

आणि दंगा कुठे झाला? चहावर. १७७३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीला चहा थेट अमेरिकेत पाठवायची मुभा दिली, तीन पेन्सची जकात धरूनही चहा स्वस्त होणार होता. १६ डिसेंबरला बोस्टनच्या पाण्यात ३४२ पेट्या गेल्या. स्वस्त चहाच्या! कुणाला विकायला द्यायचा ते कंपनी ठरवणार, बंदरातले बाकीचे व्यापारी बाहेर. चहावरची जकात १७६७ पासून होतीच आणि ती भरून चहा उतरवणारेही होते, बोस्टनमध्येसुद्धा. म्हणजे 'महसूल' या एका शब्दाने दोन्ही गोष्टी उलगडत नाहीत. माल कोण हाताळणार, कागद कुणाच्या हातात आणि खटला कुठे, हे विचारलं की उलगडतात.

गिरणगाव

टक्क्यांवरून वाद चालला आहे म्हणून एक उदाहरण ठेवतो, जिथे टक्के दोन्ही बाजूंना अगदी समान होते आणि तरी फास बसला. आपल्याकडचं, १८९६ चं.

रुपयाची किंमत घसरत होती, लंडनला पाठवायची रक्कम पौंडात होती, भारत सरकारची तिजोरी रिकामी. म्हणून १८९४ मध्ये आयात कापडावर पाच टक्के जकात परत आणली (१८८२ मध्ये ती पूर्ण काढली होती). लँकेशायर, म्हणजे मँचेस्टरच्या भागातले कापडगिरणीवाले, खवळले. त्यांना शांत करायला त्याच वेळी आपल्या गिरण्यांच्या २० नंबरावरच्या सुतावर उत्पादन कर बसवला. सुताचा नंबर म्हणजे एका रतलात ८४० वारांच्या किती लड्या बसतात तो आकडा. नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. मुंबईच्या गिरण्या मुख्यतः २० आणि त्याखालचं जाडंभरडं सूत काढायच्या. लँकेशायरचं कापड त्याहून बरंच बारीक. म्हणजे दोघांची गिऱ्हाइकंच वेगळी.

तरी लँकेशायरचं म्हणणं: जकातीमुळे आमचं बारीक कापड महागलं की लोक जाड्याकडे वळतील. १८९६ मध्ये ते मान्य झालं. आयात कापडावर साडेतीन टक्के, सूत माफ, आणि देशी *गिरणीच्या* सगळ्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादन कर, नंबर कोणताही असो. हातमाग वगळला.

कागदावर समान. प्रत्यक्षात, ज्या जाड्या कापडाशी मँचेस्टरची स्पर्धाच नव्हती त्याच्यावरही कर, आणि ते कापड घेणारा गरिबातला गरीब. आयातीवरची जकात तिजोरीसाठी होती, देशी मालावरचा कर फक्त तराजूचं दुसरं पारडं खाली यावं म्हणून होता. १९१७ मध्ये आयात जकात साडेसात टक्के झाली तेव्हाही उत्पादन कर साडेतीनवर राहिला.

तो गेला कसा तेही सांगतो. १९२५ मध्ये मुंबईच्या मालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली, सप्टेंबरपासून दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर. मालक म्हणायचे, कर काढा, कपात मागे घेतो. डिसेंबरमध्ये सरकारने कर स्थगित केला, कपात मागे गेली, संप मिटला. पुढल्या वर्षी कर रद्द. म्हणजे ३० वर्षं जो कर लँकेशायरच्या समाधानासाठी होता तो शेवटी परळ-लालबागच्या चुलींच्या जिवावर उतरला.

काटकोन

माहिती चांगली, पण अवांतर. धागा अमेरिकेचा आहे. शिवाय व्हर्जिनियाच्या मळेवाल्याची स्वतःची विधानसभा होती, मुंबईच्या गिरणीवाल्याची कसली होती?

गिरणगाव

तोच तर फरक दाखवायचा आहे, म्हणून अवांतर नाही. तुम्हीच वर लिहिलंत की लोखंडाचा कायदा बोथट झाला, कारण गव्हर्नरचा पगार स्थानिक विधानसभेच्या हातात. मुंबईच्या गिरण्यांच्या बाबतीत व्हाइसरॉयच्या कौन्सिलमधल्या नेमलेल्या सभासदांनी विरोध केला आणि ठराव लंडनच्या इच्छेप्रमाणे मंजूर झाला. १८७९ मध्ये तर व्हाइसरॉय लिटनने जाड्या विलायती कापडावरची जकात काढताना स्वतःच्या कौन्सिलचं बहुमतही बाजूला सारलं होतं. कायद्याची धार किती हे कलमावरून कळत नाही. तो राबवणाऱ्याचा पगार कोण देतं ते बघा. १७६७ नंतर लंडनने नेमकं तेच केलं ना? अमेरिकेतल्या गव्हर्नर-न्यायाधीशांचे पगार जकातीतून द्यायची सोय केली.

हुंडीवाला

गिरणगाव यांच्या शेवटच्या वाक्यासाठी शंभर गुण.

नाखवांच्या यादीत एक भर, 'इंग्रज कोण' याबद्दल, कारण धागाकर्त्याचा निम्मा युक्तिवाद त्यावर उभा आहे. आयर्लंडचा राजा तोच, जहाजं तीच, पण १६७१ पासून यादीतला माल थेट आयर्लंडला उतरवायला बंदी. १६९९ मध्ये आयरिश लोकरी कापड इंग्लंडखेरीज कुठेच पाठवायचं नाही असा कायदा, आणि इंग्लंडात त्यावर जकात इतकी की तिथेही जाणार नाही. बदल्यात तागाच्या (लिनन) कापडाला मोकळीक, कारण इंग्लंडला ते हवंच होतं. बोस्टनला 'आपला' म्हणणं ही मेहेरबानी होती; १७८३ च्या हुकमाने ती एका दिवसात काढून घेता आली. गलबतराव, ज्याला तुम्ही फायद्याचा पुरावा म्हणून आणलंत त्याच गोष्टीत ताबा दिसतो.

शिडाचं गलबत

आयर्लंडचा मुद्दा मान्य, आणि १७६६ च्या पेनीला माझ्याकडे उत्तर नाही. 'महसूल विरुद्ध नियमन' ही माझी रेघ तेवढी सरळ राहिली नाही.

अनुदानांबाबत मात्र मागे हटत नाही. दक्षिण कॅरोलायनाची नीळ बघा. अनुदानावर ती १७७५ पर्यंत वर्षाला दहा लाख रतलांच्या वर गेली. त्या निळीचा दर्जा फ्रेंच किंवा ग्वाटेमालाच्या निळीइतका कधीच नव्हता. ब्रिटिश कापड रंगवणारे ती घ्यायचे ते अनुदानामुळे. स्वातंत्र्य मिळालं, अनुदान गेलं, आणि वीसेक वर्षांत मळेवाल्यांनी नीळ उपटून कापूस लावला. हा कायद्याने दिलेला फायदा नव्हता तर काय होतं?

गिरणगाव

फायदा होता, नाकारत नाही. फक्त ती नीळ पुढे कुठे गेली ते लिहायचं राहिलं. कॅरोलायनाचा पुरवठा तुटल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने बंगालमध्ये नीळ वाढवायला घेतली. तिथे रयतेला आगाऊ रक्कम देऊन करारावर अंगठा घ्यायचे. रक्कम कधी फिटायची नाही आणि करार बापाकडून मुलाकडे जायचा. १८५९ मध्ये नदियाच्या शेतकऱ्यांनी पेरायला नकार दिला तो याच करारांवरून.